सपरीतली मोहफुलं

रुखमानं सासूच्या, ठमाबाईच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली आणि दुसरं टोक घरापुढच्या सपरीच्या खांबाला बांधलं. नवरा बैल घेऊन पहाटेच चिखलणीला गेला होता. बाया धानाच्या रोवण्याला निघाल्या होत्या. घरात मागं ठमाबाईशिवाय कुणी उरणार नव्हतं.

"काऊन बांधून राह्यली वो तिले?" शेजारची म्हातारी शकुबाई दारातच थबकली.

"काल घरातच तणसाले आग लावली तिनं. फुलं येचाले मोहाखालचा पाला जाळून राह्यली म्हने!" रुखमाचा आवाज चढला. "समदं घर गेलं असतं. अन् बांधलेलं तिले का समजते, बाई? सांजेले सारं इसरून जाते."

याच एका समजुतीवर रुखमाचे दिवस निघत होते. सासूला कळत नाही, म्हणजे तिला दुखतही नाही. गावात कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे बाहेरचं. सांगायला सगळे पुढं, म्हातारीजवळ घटकाभर बसायला मात्र कुणाला सवड नव्हती.

शकुबाई तशीच माघारी वळली. घरी जाऊन तिनं उन्हाळ्यात वाळवलेली मोहफुलं सुपात भरून आणली. खांबाची गाठ सोडली आणि फुलं सपरीभर विखरून दिली.

"जिंदगीभर मोह येचला तिनं. येचू दे. मी बसतो इथी, तू जाय रोवण्याले."

ठमाबाई खाली बसली. एकेक फूल उचलून टोपलीत टाकू लागली. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा असा निवांत दिसला नव्हता. रुखमाला रडू फुटलं. इतकं साधं होतं आणि आपल्याला सुचू नये, याचं तिला फार वाईट वाटलं.

सांजेला ती चिखलाचे पाय धुऊन सपरीत आली. टोपली भरली की शकुबाई फुलं पुन्हा पसरून देत होती. ठमाबाईचा हात अजून थांबला नव्हता. शकुबाई घरी गेली तशी रुखमाही सासूजवळ बसून वेचू लागली.

ठमाबाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "कोन्या गावची वो तू?"

रुखमानं हातातलं फूल टोपलीत टाकलं. "इथलीच हाय, बाई."

म्हातारीनं ओंजळभर फुलं तिच्या पदरात टाकली. इकडेतिकडे पाहत जवळ सरकली.

"माही सून बांधून ठेवते मले," ती कुजबुजली. "पन गावात सांगू नोको वो. लोक नाव ठेवतीन तिले."