मृणालीचं कार्ड

"कार्डं छापायची रिबन संपलीय मावशी," रूपा कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाली. "उद्या या."

तुळजा गेटबाहेरच्या ऑफिसच्या दारात उभी होती. हे 'उद्या' तिने सोमवारी ऐकलं होतं, मंगळवारी ऐकलं होतं आणि काल बुधवारीही. एक तारखेपासून वडप्याच्या या गोदामात नवा नियम आला होता. गळ्यात फोटोचं कार्ड असेल तरच गेटच्या आत पाऊल टाकायचं. आत मुकादम हजेरी घ्यायचा. त्याला कार्डाशी काही घेणंदेणं नव्हतं, माणूस समोर दिसला की झालं. पण दिसायला आत तर जायला हवं! तुळजाचा फोटो काढून आठवडा झाला, कार्ड काही छापून होईना. तीन दिवस ती दिघाशीहून यायची आणि गेटवरून माघारी जायची. चौथा खाडा पडला की मुकादम नाव कापतो, हे तिने दोघीतिघींच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं. आज चौथा दिवस. आठला दहा मिनिटं कमी होती.

"येवडी रिबन गेली कुठं गं?"

रूपाने भुवईने आतलं टेबल दाखवलं.

टेबलावर मितेश शेठने पत्त्यांचा डाव मांडावा तशी अकरा कार्डं मांडली होती. कोरी करकरीत, प्रत्येकाला निळी पट्टी. त्याच्या बापाने, केसरीनाथ शेठने, भाताचं शेत बुजवून हे गोदाम उभं केलं होतं, आणि मुलगा आता त्यात बसून कादंबरी लिहिणार होता. लिहायला अजून सुरुवात नव्हती. आधी पात्रं तयार करायची असतात, असं तो कुठल्याशा शिबिरात शिकून आला होता. प्रत्येक पात्राला चाळीस प्रश्नांचा तक्ता. आणि पात्रं अगदी खरी वाटावीत म्हणून त्याने त्यांची कार्डंही छापून घेतली होती.

"या मावशी, बऱ्या वेळेला आलात," तो म्हणाला. "आधी माणसं उभी करायची, मग कादंबरी आपोआप चालते."

"उभी हायत की. तीन दिस गेटावर उभी हायत."

मितेशला हे फार आवडलं. त्याने ते वहीत उतरवून घेतलं आणि एक कार्ड तिच्या हातात दिलं.

"ही मृणाली. माल चढवणारी बाई. अगदी तुमच्यासारखी."

फोटो कॉम्प्युटरने बनवलेला होता. डोळ्यांत काजळ, नाकात मुठीएवढी नथ.

"नथ घालून खोकी उचलते ही?"

"ते प्रतीक आहे."

तुळजा सातवी शिकलेली होती. तिने कार्ड उलटलं. आवडता रंग: मोरपंखी. स्वप्न: एकदा समुद्र पाहणं. भीती: अंधार.

"भीती बरोबर आहे ना?" मितेशने विचारलं.

"अंधाराला कोन भितं? बायांच्या संडासाला कुलूप हाय. दिसभर पानी पीत न्हाय आमी. त्याची भीती."

कुलपाची किल्ली मितेशच्याच डोक्यामागे खिळ्याला लटकत होती. त्याने नाक मुरडलं.

"नको, ते कादंबरीत बरं नाही दिसणार."

अंधार तसाच राहिला.

"एकच रकाना अडलाय बघा, शेवटचा," तो पुढे म्हणाला. "दोष. माणसात एखादा दोष नसला की वाचकाला ते खरं वाटत नाही. बाकीच्या दहा जणांना मी दिले. हिचा तीन आठवडे झाले सापडत नाहीये. कष्टाळू, प्रेमळ, सोशिक… हिच्यात दोष तो काय असणार?"

"शेठ, माझं कार्ड."

"अहो, उद्या येतेय रिबन. एका दिवसाने काय होतंय?"

"आज नाव कटंल माझं."

"बघू, बघू," म्हणत त्याने खुर्चीत मान मागे टाकली आणि डोळे मिटले. दोष शोधायला.

भात पाखडताना सुपाच्या टोकाला आलेल्या फोलपटाकडे बघावं, तसं तुळजाने त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं. मग हातातल्या कार्डाची निळी पट्टी गळ्यात अडकवली आणि ती बाहेर पडली. रूपाने पाहिलं. ती उगाचच माऊस हलवत राहिली.

"मौसी, कार्ड?" गेटवरच्या वॉचमनने विचारलं. तीन दिवस हाच तिला मान खाली घालून परत पाठवत होता.

तुळजाने कार्ड पुढे केलं. त्याने नाव वाचलं, फोटो पाहिला, तिचा चेहरा पाहिला. दाढी खाजवली.

"और नथ?"

"घरी ठेवली. खोकी उचलायची हायत."

तो हसला नाही. वाकून त्याने रजिस्टरमध्ये सावकाश लिहिलं: मृणाली, सात अठ्ठावन्न.

"जाओ, मृणाली मौसी."

ती चार पावलं आत गेली असेल नसेल, तोच मितेश अनवाणीच धावत गेटपाशी आला.

"अहो मावशी! माझं कार्ड! ही चोरी आहे, कळतंय का? चोरी!"

ट्रकपाशी उभ्या बाया हातातल्या खोक्यांसकट थांबल्या. तुळजा वळली. तिने छातीवरचं कार्ड उलटं केलं आणि शेवटच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे अडलं व्हतं ना शेठ? भरा आता."

आणि मितेशचा हात खरंच खिशातल्या पेनाकडे गेला.