तळहातासारखं रान

शेताच्या मालकांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर वाटाण्याची पिवळी पडलेली रोपं अशी आपटली, जणू त्यांच्या मुळांवरची बुरशी तिथल्या बाईंनीच पाळली होती.

“तीनदा औषध ओतलं, तरी मुळं काळी ती काळीच. अर्धं पीक गेलं, बाई. उरलेलं वाचवायला काहीतरी जालीम लिहून द्या.”

“रानात पाणी साचतं का?”

“आमच्या? अहो, तळहातासारखं रान आहे! पाणी काढायला चर खणून जागा वाया घालवायला आम्ही काही शेजाऱ्यांसारखे खुळे नाही.”

शेजारी बसलेल्या बायकोने तोंड उघडलं, तसे ते गुरगुरले, “तू गप्प बस. तुला शेतीतलं काय कळतं?”

ती नुसतं खाली बघू लागली. मग बाईंनीही खाली पाहिलं. दहा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता, पण मालकांच्या गमबुटांवरून स्वच्छ फरशीवर चिखलाचं पाणी ओघळत होतं.

बाईंनी कागदावर दोनच शब्द लिहिले, ‘चर खणा’, आणि तो मालकांच्या पसरलेल्या हाताला वळसा घालून बायकोला दिला.

“कोणतं औषध आहे?” मालकांनी विचारलं.

“कुदळ,” बायको उठत म्हणाली. “जालीम आहे.”