हसायचं नाही

बुद्धप्रिया न्हाणीतल्या पाटावर बसली, साडी गुडघ्यापर्यंत खोचली, पाय लांब केले आणि हात पुढे केले. "द्या, आत्या."

सरजाबाईंनी पाच महिन्यांची नात, मैत्री, लगेच दिली नाही. आधी सुनेच्या डोळ्यांत नीट बघून घेतलं. "झोप झाली का?"

"हाव. वीस मिनिटं. गजर लावला होता."

"गोळी?"

"घेतली."

मग कुठे मैत्री तिच्या नडग्यांवर आली.

आज आठवा दिवस होता. प्रियाच्या नवऱ्याची, आनंदराजची, बदली नांदेडला झाली होती, खोली ठरली होती, सामान बांधून ओसरीत पडलं होतं. लेकरू सोबत जाणार की बिलोलीत आजीजवळ राहणार, एवढंच ठरायचं होतं. सासूची अट साधी होती. आठ दिवस एकटीनं न्हाऊ घालायचं, एकदाही हात सुटायचा नाही. अट कठोर आहे असं म्हणायची सोय प्रियाला नव्हती. लेकराचं नाव ठेवायच्या दिवशी बायकांची थट्टा ऐकून ती खदखदून हसली होती, आणि त्याच क्षणी हात गळून लेकरू मांडीवरून निसटलं होतं. सरजाबाईंनी ते वरच्यावर धरलं म्हणून बरं.

नांदेडच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव लिहून दिलं होतं. घरात त्याला 'प्रियाची झोप' म्हणत. ती भाकरी थापताना यायची, बसमध्ये उभ्या उभ्या यायची, कोणी बोलत असताना वाक्याच्या मधेच यायची. जन्मभर राहणार होती, गोळीने थोडीफार आवरत होती. पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. फार हसू आलं, फार आनंद झाला, की अंग सैल पडेल. शुद्ध राहील, सगळं ऐकू येईल, हात मात्र उचलणार नाही. दुःखानंही असं होतं का, असं तिने विचारलं होतं. सहसा नाही, ते म्हणाले. तेवढं तिने पक्कं लक्षात ठेवलं.

तिने पहिला तांब्या ओतला. मैत्री पालथी होती तोवर काही अवघड नव्हतं. पाठीला मसुरीचं पीठ चोळायचं, मानेच्या वळ्या धुवायच्या. खरी परीक्षा लेकरू उताणं केल्यावर होती, कारण उताणी झाली की मैत्री आईकडे बघून हसायची. आणि त्या बोळक्या हसण्यापुढे प्रियाचे गुडघे, मान, बोटं, सगळं पातळ व्हायला लागायचं. त्यावर तिने पहिल्याच दिवशी उपाय काढला होता. ती आपल्या मेलेल्या आईला बोलवायची.

आई, केवळाबाई, चार वर्षांपूर्वी दवाखान्यात वारली. भर दुपारी तिने पाणी मागितलं होतं. प्रिया उशाशी स्टुलावर बसली होती, झोपलेली. तेव्हा झोपेला नाव नव्हतं, लोक आळशी म्हणत. डोळे उघडले तेव्हा आईचं तोंड उघडंच राहिलं होतं, आणि शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "लई हाका मारल्या गं तुझ्या मायनं."

ती हाक प्रियाने ऐकलीच नव्हती. पण सात दिवस ती रोज मनात तयार करायची. कोरड्या घशाची, बारीक. पोरी, पानी दे गं. हाक आली की आनंद उतरायचा आणि बोटं पुन्हा तिची व्हायची. आईच्या मरणाचा असा वापर करते म्हणून तिला स्वतःची किळस यायची. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच करायची.

तिने मैत्रीला उताणी केली. मैत्री हसली, पाय आपटले, पाणी प्रियाच्या तोंडावर उडालं. प्रिया आईला बोलवणार होती, पण आज बोलवायची गरज पडली नाही. हाक आपली आपणच आली, अगदी कानाशी. न्हाणीच्या कोपऱ्यात कोणीतरी उकिडवं बसलं आहे असं तिला वाटलं. तिने मान वळवली नाही. हातातला तांब्या गच्च धरला आणि लेकराच्या पोटावर पाणी सोडत राहिली.

मैत्रीचे पाय हळूहळू थांबले. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बघ कशी शहाणी झाली," दारातून सरजाबाई म्हणाल्या. "माझ्या पायावर नुसता धिंगाणा करती. तुझ्याजवळ हू न्हाई का चू न्हाई. आईची वळख पटली म्हनायची."

त्यांनी लेकरू पंच्यात गुंडाळून उचललं आणि ओसरीकडे हाक दिली. "आनंदा, लेकराचे बी कपडे भर रे बॅगेत."

प्रिया तशीच ओल्या पाटावर बसून राहिली. लेकरू मिळालं होतं. हात रिकामे होते, आता हसून अंग सैल पडलं असतं तरी कोणाचं काही बिघडणार नव्हतं. ती आनंदाची वाट बघत होती. कोपऱ्यातून पुन्हा कोणी पाणी मागितलं.

बाहेर मैत्रीचं खिदळणं ऐकू येत होतं. बाप काहीतरी बोलत होता, ती त्याला हसत होती. प्रिया उठली, हात पुसले, ओसरीत गेली. आजीच्या खांद्यावरून मैत्री सगळ्यांना बोळकं दाखवत होती.

"घे, तुझी लेक," म्हणून सरजाबाईंनी तिला प्रियाच्या हातात दिलं.

मैत्रीने आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले.