खाकरणं

एका परदेशी सरकारच्या रेडिओवर हेमकांत बेडेकरांनी तीस वर्षं मराठी बातम्या वाचल्या. वरून आलेली खोटी बातमी वाचण्याआधी ते हळूच खाकरायचे. ही खूण सांगलीत रेडिओपाशी बसणाऱ्या त्यांच्या बायकोला, शालनलाच तेवढी ठाऊक होती.

ते जाऊन तीन वर्षं झाली, तरी रेडिओ केंद्रातलं एक यंत्र त्यांच्याच आवाजात बातम्या देई. ते कधीच खाकरत नसे.

"आई, सगळं एकतर्फी असतं. कशाला ऐकतेस?" मुलगी म्हणाली.

"बातम्या कोण मेलं ऐकतंय!"

"आजपासून बाबांच्या जुन्या टेपांवरून त्यांच्या सवयीही शिकवल्यात म्हणे यंत्राला."

सात वाजले.

"नमस्कार," आवाज म्हणाला, थांबला, हळूच खाकरला. "मी हेमकांत बेडेकर बोलतोय."

"माहितीये हो मला," शालन रेडिओला म्हणाली.