किल्लीवरचे दिवे

सुदर्शनने किल्ली फिरवली आणि मोटरसायकलचे चारही जादा दिवे एकदम पेटले. रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायका दचकून उभ्या राहिल्या. कुणी पदर तोंडावर ओढला, कुणाचं टमरेल कलंडलं. मागे बसलेल्या गेणभाऊने शिट्टी फुंकली. सुदर्शनने नाकाला रुमाल लावला.

"शी! ह्यांच्यापरीस जनावरं बरी," तो म्हणाला.

दोन हजार पाचचा हिवाळा होता. गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं होतं. तपासणी समिती कधीही येणार होती, आणि उघड्यावर बसणाऱ्यांना पहाटे पकडणाऱ्या पथकाचा म्होरक्या सुदर्शन होता. हे काम त्याने आपणहून मागून घेतलं होतं. घाणीची त्याला लहानपणापासूनच भयंकर किळस. रस्त्यात थुंकी दिसली तरी त्याला मळमळायचं. बायकोने शेणाच्या हाताने कपबशीला नुसता स्पर्श केला, तरी तो चहा ओतून द्यायचा. आता सगळं गाव नाक दाबून बघायची त्याला मुभाच मिळाली होती. आणे पठारावरचा तो उघडाबोडका माळ. ना झाड, ना झुडूप. बायकांना आडोसा काय तो अंधाराचा. सुदर्शनच्या डोळ्यांत तोही खुपत होता.

गाडीच्या मूळ दिव्यात नुसता रस्ता दिसायचा. म्हणून तो आळेफाट्याला सावळेरामकडे गेला. सावळेरामचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. त्याने लेगगार्डवर चार हॅलोजन बसवून दिले. दोन पुढे, दोन रस्त्याकडेच्या चराकडे वळवलेले.

"बाजूला कशाला, राव? रस्ता तर म्होरं असतो," सावळेराम म्हणाला.

"मला रस्ता न्हाई बघायचा."

दिव्यांना वेगळं बटण देतो, असंही सावळेराम म्हणाला. सुदर्शनला ते नको होतं. किल्ली फिरवली की सगळे एका दमात पेटले पाहिजेत. गाडी बंद ठेवून उतारावरून बिनआवाजाची सोडायची, बायकांच्या पुढ्यात आली की किल्ली फिरवायची. ही युक्ती त्याची स्वतःची होती आणि तिचं त्याला भारी कौतुक होतं. चार दिवस तो चावडीवर तेवढंच सांगत होता. ऐकणारे पुरुष हसायचे. त्यांच्याही घरातल्या बायका त्याच चराकडे जात होत्या, पण हसताना ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

सुदर्शनच्या घरचा संडास म्हणजे गावाचं भूषण. पांढऱ्याशुभ्र फरशा, निळं दार, दारावर रंगवलेली स्वच्छतेची घोषणा. समितीला पहिल्यांदा तोच दाखवायचा, असं ठरलं होतं. त्यामुळे बांधल्यापासून त्यात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. फरशीला डाग पडेल, वास धरेल, या धास्तीने सुदर्शनने त्याला कुलूप घातलं होतं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली होती. त्याच्या आईचे, ठकूबाईचे, गुडघे धरले होते. तिने एकदा विचारून पाहिलं.

"समिती येऊन जाऊ दे," सुदर्शन म्हणाला. "मग बस निवांत."

तो स्वतः गाडीवर बसून मळ्यात जायचा. मळा त्याचा होता, तेव्हा ते उघड्यावर धरायचं कारण नव्हतं.

आता समोर सगळ्या बायका उभ्या होत्या, एक सोडून. ती चराच्या काठाला पदरात तोंड लपवून तशीच बसली होती. शेजारी उभी असलेली दुसरी तिच्या दंडाला धरून होती. गेणभाऊने पुन्हा शिट्टी फुंकली. बसलेली बाई हलली नाही. सुदर्शनच्या अंगावर किळसेने काटा आला. एवढ्या उजेडात कुणी बसून राहतं म्हणजे कमाल झाली निर्लज्जपणाची! त्याने गाडी स्टँडवर लावली, दिवे चालूच ठेवले आणि नाकावरचा रुमाल घट्ट धरून तो पुढे झाला.

"ए बाई, ऊठ! लाज न्हाई का वाटत?"

बाईने तोंडावरचा पदर काढला. ठकूबाई होती.

"गुडघं उठू देत न्हाईत," ती म्हणाली. "आन् लाज हाय म्हणूनच अंधारात आले व्हते."

तिचा दंड धरलेल्या बाईनेही पदर मागे टाकला. ती अश्विनी, सुदर्शनची बायको. ती रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून ती त्याच्याकडे बघत होती. ती नजर सुदर्शनने लगेच ओळखली. रोज पहाटे या बायकांकडे तो अगदी तशाच नजरेने बघायचा. रुमाल आपोआप खाली आला.

"किल्ली द्या," अश्विनी म्हणाली.

"कसली किल्ली?"

"संडासाची. गाडीच्या किल्लीलाच अडकवलीय तुमी."

 गेणभाऊने शिट्टी खिशात घातली आणि तो गावाकडे तोंड करून उभा राहिला. सुदर्शन गाडीपाशी गेला. दोन्ही किल्ल्या एकाच कडीत होत्या. त्याने गाडीची किल्ली गाडीतच ठेवून दुसरी सोडवायचा प्रयत्न केला, पण कडी काही उघडेना. उजेडात उभ्या बायका त्याची ती खटपट बघत होत्या. शेवटी त्याने गाडीचीच किल्ली उपसली.

चारही दिवे विझले. माळावर पुन्हा अंधार झाला, आणि इतका वेळ ताटकळत उभ्या असलेल्या बायका निवांत खाली बसल्या.