नळीवरचं बोट

आबाजी फोरमन पुन्हा आला तेव्हा हिरामण अंगणात लाकडं फोडत होता.

"डॉक्टरांनी जड काम नको म्हटलंय ना?" आबाजीने कुंपणाच्या बाहेरूनच विचारलं.

हिरामणने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. बोलायचं तर गळ्यातल्या चांदीच्या नळीवर बोट दाबावं लागे, नाहीतर नुसता वाराच बाहेर पडे. त्याने बोट दाबलं. "लाकडं कोन फोडनार मग? तुमी? या, बसा."

आबाजी आत आला, पण बसला नाही. कधीच बसत नसे. खोपोलीच्या गाडीने पळसदरीला उतरायचं, बौद्धवाडीपर्यंत चालत यायचं, हिरामणच्या बायकोकडून, सुंदराकडून, तांब्याभर पाणी मागून डोळ्यांवर मारायचं आणि उभ्याउभ्याच चहा पिऊन चौकशा करायच्या, असं त्याचं चाललं होतं.

"जेवताना अडकतं का?"

"नाय."

"पाणी आत जातं?"

"नाय."

"आणि चिरलं तेव्हा... फार दुखलं?"

"दुखलं. पन मेलो नाय," हिरामण म्हणाला. "कारखान्यात सांगा तसं."

आबाजीने खाली मान घालून चहा संपवला आणि परतीची गाडी गाठायला निघून गेला.

"मेला पाळत ठेवतोय," सुंदरा कपबशी विसळताना म्हणाली. "तुमी खोकलात तरी जाऊन सांगंल. त्येनंच घालवलं ना कामावरनं?"

खोटं नव्हतं ते. खोपोलीच्या कागद कारखान्यात हिरामण कापणीच्या मशीनवर होता. उभ्याउभ्या त्याला झोप लागायची. एकदा त्याचा हात पात्याच्या तोंडाशी गेला आणि आबाजीने मागून सदरा धरून त्याला खेचलं. पण त्याच दिवशी वर कळवलंही. हिरामणला घरी बसवलं, चौकशी लावली. झोपाळू, आळशी, दारूबाज, वाडीत काय काय बोलणं उठलं. दारूचा थेंब न शिवलेला माणूस तो.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र वेगळंच सांगितलं. हा आळस नाही, आजार आहे. झोपेत याचा घसा मिटतो, श्वास कोंडतो, जीव दचकून उठतो, पुन्हा मिटतो. रात्रभर हा झोपतच नाही. मग दिवसा डोळे मिटतात. असाच एखाद दिवशी उठायचाही नाही. त्या काळी उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवायची.

"पाडा," हिरामण म्हणाला होता.

नळी बसली आणि कित्येक वर्षांनी तो झोपला. सुंदरा तर पहिले काही दिवस त्याच्या नाकाशी सूत धरून बघायची, माणूस आहे की गेला. मग तिला कळलं, श्वास आता नाकातून नाही, नळीतून येतो. तेव्हा ती हसली आणि हसता हसता रडली.

लोकांच्या नजरा मात्र बदलल्या. पोरं दारातून डोकावून पळायची. धोंडूबाई नळावर म्हणाली, "आता ह्यो बसूनच खानार गं." हिरामणच्या कानावर आलं तसं त्याने गळ्याचं फडकं सोडून टाकलं. नळी दिसू दे. तशीच उघडी ठेवून तो नळावर गेला आणि धोंडूबाईचाच हंडा तिच्या दारात पोचवून आला.

एप्रिलात जयंती आली. आजारपणाआधी वाडीच्या गाण्याच्या पार्टीत पहिला आवाज हिरामणचा असायचा. यंदा पार्टीतल्या पोपटने चाचरत विचारलं, "दादा, तू नुसता पुढं बसशील का?"

"बसायला काय झालंय? गानार मी."

तो स्टेजवर उभा राहिला. नळीवर बोट दाबलं आणि सूर लावला. आवाज फाटका, घोगरा. श्वास घ्यायला मध्येच बोट उचलावं लागे, तेव्हा ओळ तुटे आणि शिट्टीसारखा वारा ऐकू येई. पुढची दोन पोरं फिदीफिदी हसली. हिरामणने त्यांच्याकडेच बघत तीच ओळ पुन्हा घेतली, आणखी वरच्या पट्टीत. ढोलकी त्याच्यासाठी थांबायला शिकली. गाणं संपलं तेव्हा बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि सगळ्यांत मागे, दिव्याच्या खांबाला टेकून, आबाजी उभा होता.

"इथं बी आला," सुंदरा पुटपुटली.

चौकशीच्या आदल्या दिवशी आबाजीचा निरोप आला: कारखान्यात येऊन भेट. हिरामणने धुतलेला सदरा घातला. "राजीनामा मागनार," तो सुंदराला म्हणाला. "द्यायचा नाय. दारात बसीन, पन द्यायचा नाय."

आबाजीच्या केबिनमध्ये शिरल्या शिरल्या त्याने बोट नळीवर नेलं. "साहेब, आदीच सांगतो. सही मी करनार नाय. मशीनवरचं धुळीचं काम जमत नसंल तर गोडाऊनला घाला, गेटवर घाला. पन भोक पडलं म्हनून मानूस वाया गेला, ह्ये मी ऐकून घेनार नाय. तुमी इतक्या खेपा घातल्या, काय काय लिवून दिलं ते वाचा आता माज्यासमोर."

"काही लिहिलं नाही," आबाजी म्हणाला. "सोमवारपासून गोडाऊनला हजर हो. चौकशी रद्द झालीय. मीच भांडलो वरच्या साहेबांशी."

हिरामणचं बोट नळीवरून खाली आलं. मग त्याने पुन्हा दाबलं. "मंग... एवड्या खेपा कशापायी?"

आबाजीने उठून केबिनचं दार लावलं. कडी घातली. तो दाराकडे तोंड करूनच उभा राहिला.

"माझी बायको सारी रात्र उशाशी बसते," तो म्हणाला. "श्वास थांबला की हलवते. मला त्या डॉक्टरकडे ने रं, हिरामण. एकट्यानं जायचा धीर होत नाही."