दोरीवरची दुपटी

कौसल्याबाई रोज सकाळी फोनवरच्या नकाशात एकच गच्ची शोधायच्या. उपग्रहाचं ताजं चित्र इतकं स्वच्छ यायचं, की वाळत घातलेले कपडेही ओळखू यावेत. जातीबाहेर लग्न करून पळालेली त्यांची मृण्मयी त्या गच्चीवर आईने शिवलेली गोधडी पसरायची. ती दिसली, की लेक सुखरूप. हे घर कौसल्याबाईंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका सकाळी विलासराव बायकोशेजारी येऊन बसले. मुलगी गेल्यापासून त्यांनी तिचं नाव कधी काढलं नव्हतं.

"बरी आहे का गं मृण्मयी? मलाही दाखव की."

कौसल्याबाईंनी लगेच फोन पुढे केला. त्यांनी चित्र मोठं केलं. "ही बघा, दोरीवर दुपटी आहेत. आजोबा झालात तुम्ही!"

विलासरावांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "घेऊन येतो तिला," ते म्हणाले.

संध्याकाळी ते दोन्ही मुलांना घेऊन जीपमधून निघाले. कौसल्याबाईंनी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू बांधून दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नकाशा उघडला. जीप लेकीच्या दारात उभी होती. अंगणात तिघे उभे होते आणि दोघे आडवे पडले होते.

चित्र तासाभरापूर्वीचं होतं.